सर्वांत गरम सेलचे आयुष्य

लोणावळ्याहून खोपोलीकडे बोर घाट उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसकट १,६०० किलो वजनाच्या गाडीने एवढे उतरणे म्हणजे सुमारे ८६ लाख ज्यूल, विजेच्या हिशेबात जवळजवळ २.४ युनिट ऊर्जा मोकळी होणे. साध्या गाडीत हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता उरलेली ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. हायब्रिड गाडी तीच ऊर्जा मोटरचा जनित्रासारखा उपयोग करून बॅटरीत भरू पाहते. पण २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात जेमतेम १.३ युनिट मावतात. त्यातलाही साधारण ४० ते ८० टक्के हाच पट्टा वापरायचा, असे नियंत्रकाने ठरवलेले असते. म्हणजे हाताशी उरते अर्धे युनिट. घाट संपायच्या खूप आधी बॅटरी काठोकाठ येते आणि तोवर सलग जोराने चार्ज होत राहिल्यामुळे ती तापलेलीही असते.

हायब्रिडची बॅटरी लहान असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. लहान बॅटरीला किती राबावे लागते याचा विचार मात्र क्वचित होतो. प्रियसच्या त्या बॅटरीची क्षमता होती ६.५ अँपिअर-तास. जोरात वेग घेताना तिच्यातून १०० अँपिअरच्या आसपास करंट वाहू शकतो. तोच करंट कायम राहिला, तर भरलेली बॅटरी चार मिनिटांत रिकामी होईल. निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीतून तेवढाच करंट निघाला, तर ती रिकामी व्हायला तास-दीड तास लागेल. इलेक्ट्रिक गाडीतला सेल बहुतेक वेळ निवांत असतो. हायब्रिडमधला सेल सिग्नलमागून सिग्नल भरतो, रिता होतो आणि पुन्हा भरतो.

या राबण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. कोणत्याही सेलला अंतर्गत रोध असतो आणि त्यातून करंट गेला की करंटच्या वर्गाच्या पटीत उष्णता निघते. समजा, सगळे सेल मिळून बनलेल्या पॅकचा रोध ०.३ ओहम आहे. २० अँपिअर करंटला १२० वॉट उष्णता निघेल. १०० अँपिअरला मात्र ३,००० वॉट. करंट पाचपट, उष्णता पंचवीसपट. शिवाय रासायनिक अभिक्रियेची स्वतःची उष्णता असते. ती कधी या बेरजेत मिळते, कधी वजा होते. कॅलिफोर्नियात बर्कलीला जॉन न्यूमन, डॉन बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८५ साली या दोन्हींचा हिशेब एका समीकरणात मांडला. बॅटरीच्या उष्णतेची गणिते आजही बहुधा तिथूनच सुरू होतात.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत आणखी एक अडचण आहे. चार्ज होताना ती स्वभावतःच उष्णता सोडते. ती ४५ अंशांच्या वर गेली की दिलेल्या विजेचा वाढता हिस्सा साठवला न जाता प्राणवायू तयार करण्यात खर्च होतो आणि त्याचीही शेवटी उष्णताच होते. तापलेली बॅटरी जास्त तापते. प्रियसची बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे भरू न देण्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

आता या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होतात, हा नियम स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये गणितात बसवला. त्यावरून निघणारा ढोबळ आडाखा असा की दर १० अंशांमागे ऱ्हासाचा वेग सुमारे दुप्पट होतो. मग ५ अंशांनी अधिक गरम राहणारा सेल साधारण १.४ पट वेगाने म्हातारा होणार. शेजारचा सेल दहा वर्षे टिकणार असेल, तर हा सात वर्षांत थकेल. पॅकमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि सर्वांतून तोच करंट वाहतो. थकलेल्या सेलला बाजूला ठेवून बाकीच्यांना काम करता येत नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये १६८ सेल होते; त्यांतले १६० ठणठणीत असले, तरी उरलेले आठ सगळा पॅक निकामी ठरवू शकतात. थकलेल्या सेलचा रोध वाढलेला असतो, म्हणून तोच पुन्हा अधिक तापतो आणि अंतर वाढत जाते.

म्हणून बॅटरीचे सरासरी तापमान किती, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पहिला प्रश्न हा की सर्वांत गरम आणि सर्वांत थंड सेलमध्ये फरक किती. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत अहमद पेसरान आणि त्यांच्या गटाने नव्वदीच्या दशकापासून या विषयावर काम केले. १५ ते ३५ अंश हा सोयीचा पट्टा त्यांच्या लेखांतून सर्वत्र गेला. त्याच्याच जोडीला अभियंते पॅकमधला फरक ५ अंशांच्या आत ठेवायची मर्यादा पाळतात. सगळे सेल ३८ अंशांवर एकसारखे असलेला पॅक मला अर्धे सेल २८ वर आणि अर्धे ३८ वर असलेल्या पॅकपेक्षा बरा वाटतो. दुसऱ्याची सरासरी कमी आहे खरी. पण त्याचे गरम सेल पहिल्याइतकेच लवकर जाणार, आणि मधल्या काळात थंड-गरम सेलांची भरती-ओहोटी जुळेनाशी होऊन वापरता येण्याजोगी क्षमताही घटणार.

पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारात आली तेव्हा तिच्यात टॉर्चमधल्या मोठ्या सेलच्या आकाराचे २४० गोल सेल होते. पुढच्या आवृत्तीत चपटे मॉड्यूल आले आणि २००३ च्या गाडीत असे २८ मॉड्यूल, प्रत्येकात सहा सेल, पुस्तकांसारखे उभे रचले गेले. प्रत्येक मॉड्यूलच्या प्लॅस्टिकच्या कवचावर बारीक उंचवटे ठेवलेले होते, म्हणजे दोन मॉड्यूल दाबून बसवले तरी मधे वारा जायला फट राहते. मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून पंखा प्रवाशांच्या कप्प्यातली हवा ओढून घेतो आणि त्या फटींतून उभी सोडतो. बॅटरीला मानवणारे तापमान आणि माणसाला मानवणारे तापमान जवळजवळ एकच, त्यामुळे एसीने माणसांसाठी केलेली हवा बॅटरीलाही पुरवता येते. वेगळा रेडिएटर नको, नळ्या नकोत, उच्च दाबाच्या विजेजवळ पाणी झिरपण्याची भीती नको. ही निवड मला आजही अतिशय समजूतदार वाटते.

तिची किंमत आकड्यांत दिसते. सरासरी ३०० वॉट उष्णता काढायची आणि हवेचे तापमान ५ अंशांहून जास्त वाढू द्यायचे नाही, तर सेकंदाला सुमारे ५० लीटर हवा लागते. त्याच कामाला पाणी लागते सेकंदाला १४ मिलीलीटर. हवा हे उष्णता वाहून नेणारे फार दुबळे माध्यम आहे. पंखा जोरात फिरवावा म्हटले, तर हवेचा प्रवाह दुप्पट करायला पंख्याला आठपट शक्ती लागते. शिवाय इंजिन बंद असलेल्या शांत गाडीत मागच्या सीटजवळून पंख्याची घरघर ऐकू आली, तर प्रवासी तक्रार करणार. त्यामुळे हवेने थंड होणाऱ्या पॅकच्या रचनाकाराला हवा वाढवायची मुभा जवळपास नसते. मिळेल तेवढी हवा सगळ्या फटींना सारखी कशी वाटायची, एवढेच त्याच्या हाती राहते. या वाटणीतच खरे शास्त्र आहे.

पाटाच्या पाण्याची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मुखाकडच्या शेतांना पाणी भरपूर मिळते आणि टेलच्या शेतांपर्यंत पोचता पोचता ते संपते. बॅटरीच्या एका टोकाला पंखा असला, तर लांबच्या फटींना हवा कमी मिळेल असे आपण याच अनुभवावरून गृहीत धरतो. बहुतेक वेळा घडते उलटे. फटींना हवा पुरवणाऱ्या वरच्या सामाईक बोगद्यात हवा शिरताना वेगात असते. वाटेत एकेका फटीत थोडी थोडी निघून गेल्यामुळे पुढे तिचा वेग कमी होतो, आणि बर्नूलीच्या नियमाने वेग कमी झाला की दाब वाढतो. खालच्या बोगद्यात हवा गोळा होत बाहेर पडण्याच्या तोंडाकडे वेग घेते, म्हणजे तिकडे दाब कमी होतो. हवा एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर अशी झेड आकाराची रचना असली, तर लांबच्या टोकाला वर दाब जास्त आणि खाली कमी. तिथल्या फटींतून हवा धो-धो वाहते आणि पंख्याजवळच्या सेलांचा जीव कासावीस होतो. हवा ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर काढली, म्हणजे यू आकार केला, तर दोन्ही बोगद्यांतले दाब एकाच दिशेने चढतात आणि फरक बराचसा भरून निघतो. पूर्ण मात्र निघत नाही, आणि आता जवळच्या फटी फायद्यात राहतात.

यावरचा एक सुंदर उपाय म्हणजे बोगदा निमुळता करणे. हवा जसजशी कमी होत जाते तसतसा बोगद्याचा छेद कमी केला की तिचा वेग टिकतो, दाब चढत नाही आणि प्रत्येक फटीला जवळपास सारखा दाब मिळतो. त्यासाठी लागतो एक तिरका पत्रा. नवा पंखा नाही, नवे रसायन नाही. दक्षिण कोरियातील संशोधक हीसंग पार्क यांनी २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॉवर सोर्सेस’मध्ये हायब्रिड गाडीच्या लिथियम-आयन पॅकवर असाच अभ्यास मांडला: सेलांची मांडणी आहे तशीच ठेवून, फक्त बोगदा निमुळता करून आणि दाब मोकळा व्हायला एक झरोका देऊन हवे ते थंडावणे साधता येते का? साधते, असे त्यांनी दाखवले. वर्षानुवर्षे जागा ठरून गेलेल्या गाडीत मांडणी बदलणे किती महाग असते हे ज्याला माहीत आहे, त्याला या उत्तराचे मोल कळेल.

फटीच्या रुंदीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. फट अरुंद केली तर हवा सेलच्या पृष्ठाला अधिक चिकटून जाते आणि उष्णता चांगली उचलते. पॅकही आटोपशीर होतो. पण अरुंद फटीतला संथ, थरांत वाहणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाला बांधलेला असतो. रुंदी अर्धी केली, तर तेवढीच हवा ढकलायला आठपट दाब लागतो. याचा दुसरा अर्थ कारखान्यात कळतो. समजा, रचनाकाराने २ मिलिमीटरची फट नेमकी योग्य ठरवली आणि जुळणी करताना एका जागी ती १.९ मिलिमीटर झाली. ०.१ मिलिमीटर म्हणजे जाड कागदाएवढा फरक. तेवढ्याने त्या फटीतली हवा सुमारे १४ टक्क्यांनी घटते. निकेलचे मॉड्यूल वयाप्रमाणे आतल्या वायूच्या दाबाने किंचित फुगतात, हेही यात धरावे लागते. म्हणून संगणकाने काढलेली सर्वोत्तम फट जशीच्या तशी उचलणे धोक्याचे. सर्वोत्तमपासून जरा बाजूला, थोडी रुंद, पण चुकले-माकले तरी फारसे न बिघडणारी रुंदी निवडावी, असे मला ठामपणे वाटते. या विषयावरचे अनेक शोधनिबंध कमाल तापमान दशांश अंशापर्यंत कमी करून दाखवतात. जुळणीतली चूक धरून ते उत्तर किती टिकते, हे त्यांतले फार थोडे तपासतात.

संगणकावरची पद्धत थोडक्यात अशी. वाऱ्याच्या आणि उष्णतेच्या समीकरणांनी पॅकची प्रतिकृती करायची. तिच्यात फटींची रुंदी, बोगद्याचा उतार, हवेच्या तोंडाची जागा बदलत जायचे. कमाल तापमान, सेलांमधला फरक, पंख्याची शक्ती आणि पॅकचे आकारमान अशी चार मापे समोर ठेवायची. एकेक प्रतिकृती सोडवायला तास लागतात, म्हणून निवडक उत्तरांवरून झटपट अंदाज देणारे सोपे गणित बांधतात आणि मग त्यावर हजारो पर्याय पडताळतात. हाती एक उत्तर येत नाही. येते ती तडजोडींची रेघ: पंख्याला इतकी शक्ती द्याल तर फरक इतका. त्या रेघेवरचा बिंदू माणसालाच निवडावा लागतो.

तो बिंदू कोणत्या प्रवासासाठी निवडला, यावर सगळे अवलंबून आहे. भारतात गाडीचे अधिकृत मायलेज ज्या ठरावीक चक्रावर मोजतात, त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि प्रयोगशाळा २० ते ३० अंशांवर ठेवलेली असते. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत अशा चाचण्या होतात, आणि गाड्यांची आपसांत तुलना करायला त्या योग्यच आहेत. पण बॅटरीच्या थंडाव्याची रचना त्या चक्रावर बेतता येत नाही. तिला कसारा घाट चढून लगेच उतरायचे असते आणि मे महिन्यात चंद्रपूरला भर दुपारी उन्हात उभे राहायचे असते. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत तापमान ६० च्या पुढे जाऊ शकते. गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे पंखा बॅटरीला हीच हवा देणार. पंखा जोरात फिरवला तर बॅटरी थंड होण्याऐवजी तापेल. अशा वेळी उपाय रचनेत नसतो, नियंत्रणात असतो. आत येणारी हवा बॅटरीहून गरम असेल तर पंखा मंद ठेवायचा, एसीला आधी काम करू द्यायचे आणि तोवर बॅटरीचा करंट कापायचा. चालकाला एवढेच जाणवते की आज इंजिन लवकर सुरू होते आहे आणि मायलेज पडले आहे. बॅटरी स्वतःला वाचवत असते.

नियंत्रकाला हे ठरवायला माहिती फार कमी असते. २००३ च्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूलवर नजर ठेवायला पॅकवर तीन तापमान संवेदक होते आणि हवेच्या तोंडाशी आणखी एक. बाकी सेलांचे तापमान अंदाजानेच. म्हणून संवेदक कुठे बसवायचे हाही रचनेचाच भाग आहे. पॅकच्या मधोमध असलेल्या सेलांना दोन्ही बाजूंनी तापलेले शेजारी असतात, तर कडेचे सेल धातूच्या पेटीला थोडी उष्णता देऊन मोकळे होतात. सर्वांत गरम जागा प्रतिकृतीने आधी शोधली नसेल, तर संवेदक नेमका चुकीच्या सेलचे तापमान सांगत राहतो.

हवेला पर्याय आहेत. २००९ च्या मर्सिडीज एस४०० हायब्रिडने लहानशी लिथियम-आयन बॅटरी थेट एसीच्या शीतकाशी जोडली. २०१० च्या शेवरोले व्होल्टमध्ये २८८ चपट्या सेलांच्या मधे पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या आणि त्यांतून ग्लायकॉल मिसळलेले पाणी फिरत असे. प्लगने चार्ज होणाऱ्या १६ युनिटांच्या बॅटरीला ते परवडते. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सईद अल-हल्लाज आणि रॉबर्ट सेलमन यांनी २००० च्या सुमारास सेलांभोवती मेण भरायची कल्पना पुढे आणली. किलोभर पॅराफिन वितळताना सुमारे २०० किलोज्यूल पोटात घेते आणि तेवढा वेळ तापमान जागचे हलत नाही. पॅराफिनमधून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळावे लागते. घाटासारख्या थोड्या वेळाच्या मोठ्या भारासाठी ही युक्ती मला फार आशादायक वाटते. पण एकदा सगळे मेण वितळले की ते पुन्हा थिजवायला हवा किंवा पाणी लागतेच.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे फक्त डोंगराळ उत्तरेत येतो. गोठणबिंदूखाली लिथियम-आयन सेल जोरात चार्ज केला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता पृष्ठावर धातूरूपात साचते आणि क्षमता कायमची जाते. तिथे थंड करणारी यंत्रणाच थांबवावी लागते.

आज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावणाऱ्या हायब्रिडपैकी इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड आहे, तर ग्रँड विटाराच्या हायब्रिड आवृत्तीत एका युनिटाहूनही लहान लिथियम-आयन बॅटरी आहे. ज्या हायब्रिड गाड्यांची बॅटरी हवेवर थंड होते, त्यांत धूळ हा शत्रू आहे. पंखा केबिनमधली हवा ओढतो तेव्हा गालिच्याचे तंतू, कुत्र्याचे केस आणि रस्त्याची बारीक माती तो फटींकडे नेतो. इतक्या कष्टाने सारखी वाटलेली हवा मग पुन्हा विषम होते, कारण काही फटी आधी बुजतात. म्हणूनच टोयोटाने नंतरच्या काही मॉडेलांत हवेच्या तोंडावर साफ करता येणारा फिल्टर दिला. आपल्या गाडीत ती जाळी कुठे आहे ते मालकाच्या पुस्तिकेत सापडते. तिच्यावर बॅग, घोंगडी किंवा सीट कव्हर येऊ देऊ नये, आणि शेताच्या कच्च्या रस्त्याने रोज जा-ये असेल, तर सर्व्हिसला गाडी देताना तो फिल्टर काढून झटकायला आवर्जून सांगावे.